लांबलेली प्रार्थना

आमच्या घरात हातांची काही कमी नाही, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

माझा नातू इओसुआ जन्मल्यापासून कधी खाली उतरलाच नव्हता. आजीच्या कडेवरून काकूच्या, काकूच्या कडेवरून शेजारणीच्या. आमच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. रस्त्यानं जाणारासुद्धा आत यायचा, पोराला उचलायचा, दोन पापे घेऊन पुढं जायचा. पहिल्या वाढदिवसाला डुक्कर कुठलं कापायचं ही चर्चा सुरू झाली, तरी पोरगं रांगेना. चटईवर ठेवलं की पालथं पडून भोकाड पसरायचं, आणि लगेच दहा हात पुढं व्हायचे.

तेवढ्यात माझी थोरली लेक आसेनाती ऑकलंडहून महिनाभराच्या रजेवर आली. आल्या आल्या तिनं पोराला निरखलं आणि म्हणाली, "बाबा, याच्या पायांत दोष आहे. जाताना मी याला घेऊन जाते. तिकडे नीट तपासण्या होतील."

आसेनातीला मूलबाळ नाही. भावाचं पोर बहिणीनं वाढवावं, यात आमच्या सामोआत कुणाला नवल वाटत नाही. आणि असं गेलेलं पोर शाळा संपेपर्यंत परत येत नाही, हेही सगळ्यांना माहीत असतं. मी घराण्याचा प्रमुख. मी "बरं" म्हणून मोकळा झालो. पोराची आई, म्हणजे माझी सून पुआ, सासऱ्यापुढं आणि थोरल्या नणंदेपुढं काय बोलणार? ती टॅरोचे, म्हणजे अळूचे कंद सोलत बसली होती. हातातला तो एकच टॅरो तिनं सोलून सोलून लिंबाएवढा केला.

दुसऱ्या दिवशी मात्र ती आरोग्य केंद्रातल्या एमेले नर्सबाईला घेऊन आली. ही एमेले आमच्याच गावची. लहानपणी माझ्या आंब्यावर दगड मारायची, त्यामुळे मला तिचा धाक वाटायचं काही कारण नव्हतं. पण वाटायचा.

एमेलेनं आधी निवांत कोको प्यायला. मग पोराला उताणं निजवलं, तळव्यांना हात लावला, आणि इओसुआनं तिला सणसणीत लाथ घातली.

"अगं बाई! फुटबॉल खेळतोय हा," ती म्हणाली. "पायांत जोर आहे की."

"मग रांगत का नाही?" आसेनातीनं विचारलं.

"का रांगेल? फुकटात दहा घोडे मिळाल्यावर मी तरी चालत कामावर गेले असते का? ताई, दिवसभर थोडं थोडं पालथं ठेवा. समोर बसून बोला, एखादी वस्तू जरा लांब ठेवा. रडला की लगेच उचलू नका, बोलत राहा. महिन्यात फरक दिसला नाही, तर मीच डॉक्टरकडे पाठवेन."

"या घरात?" माझी म्हातारी फिस्सकन हसली. "इथं मांजर रडलं तरी उचलतात."

एमेलेनं जरा विचार केला. "काका, तुमच्याकडे कोणीच जागचं हलत नाही, अशी कुठली वेळ असते?"

"प्रार्थनेची," मी म्हणालो. अशी वेळ एकच. संध्याकाळी शंख वाजतो, सगळं गाव घरात बसतं आणि प्रार्थना होते. घराचा प्रमुख आमेन म्हणेपर्यंत डास चावला तरी हलायचं नाही.

"ठरलं तर," एमेले म्हणाली. खारवलेल्या मांसाच्या रिकाम्या डब्यात तिनं खडे भरले, तोंड पक्कं बांधलं, आणि तो खुळखुळा चटईच्या मधोमध ठेवून निघून गेली.

पहिल्या संध्याकाळी इओसुआ पालथा पडला आणि बोंबलला. मला कुठला दम धरवतोय! देवाचं नाव घेतलं न घेतलं तोच मी आमेन म्हटलं. दहा हात पुढं झालेच.

सकाळी रस्त्यात एमेले भेटली. "काका, काल तुमची प्रार्थना शिंकेएवढी झाली म्हणे?"

मला भयंकर राग आला. त्या रागातच मी त्या संध्याकाळी प्रार्थना लांबवली. गावासाठी मागितलं, बससाठी मागितलं, रग्बीच्या संघासाठी मागितलं. मागायचं संपलं तेव्हा शेजारच्या डुकरिणीच्या बाळंतपणासाठी मागितलं. पुआनं तेवढ्यात युक्ती काढली. हलायचं नसलं तरी गायला बंदी नव्हती, म्हणून तिनं पोराकडे बघत भजन धरलं. तो रडायचा थांबला. मान वर करून आईचं तोंड शोधू लागला.

मग रोज तेच. दिवसासुद्धा पुआ त्याला चटईवर ठेवून गप्पा मारू लागली, आणि उचलायला येणाऱ्यांच्या हातात केरसुणी देऊ लागली. पोरगं कोपरांवर आलं, गुडघ्यांवर डुलू लागलं. पण पुढं काही सरकेना. आसेनातीनं त्याचं तिकीट काढलं. त्याचे कपडे तिच्या बॅगेत गेले, आणि घड्या पुआनंच घालून दिल्या.

शेवटच्या संध्याकाळी शंख वाजला. मी सुरुवात केली. एक डोळा मिटलेला, एक उघडा. खुळखुळा घरंगळत आसेनातीपाशी गेला होता. इओसुआनं त्याच्याकडे बघितलं, डुलला, आणि एक हात पुढं टाकला. मग गुडघा. मग दुसरा हात.

माझी जीभ अडखळली, पण मी बोलत राहिलो. काय बोललो, देवाला ठाऊक.

तो थेट आसेनातीच्या गुडघ्याशी पोचला आणि तिच्याकडे बघून हसला. तिनं नुसतं उचलून घेतलं असतं, तरी तिला कोण काय म्हणणार होतं? मी बघितलं तर माझ्या लेकीनं दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते. गालांवरून पाणी वाहत होतं. मग तिनं गुडघ्यानं डबा हळूच ढकलला, पुआच्या दिशेनं.

डबा खडखडत गेला. पोरगं वळलं आणि त्याच्यामागं निघालं.

पुआही हलली नाही. पोरगं आपल्या पायांनी तिच्या मांडीवर चढेपर्यंत मी काही आमेन म्हटलं नाही.