तपासणीची तारीख

ऑफिसात तिला सगळे सोयरीकबाई म्हणायचे, कारण तिचं कामच ते होतं. लिफ्टची देखभाल करणाऱ्या थोरल्या कंपनीने एक धाकटी कंपनी विकत घेतली, तेव्हा दोघींच्या याद्या जुळवून त्यांचा एक संसार मांडून देण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं. एकीकडे ‘ग्राहक’ म्हणजे अख्खी इमारत, तर दुसरीकडे ग्राहक म्हणजे फोन उचलणारा माणूस. अशा शंभर भानगडी. तिने तीन आठवड्यांत सगळं मार्गी लावलं, साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. त्याला आता सात महिने झाले होते.

शुक्रवारी दुपारी पावणेचारला धाकटीकडून आलेले म्हातारे मेस्त्री तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात टॅब, चष्मा कपाळावर.

“मॅडम, एक विचारतो, हसू नका. नऊ जानेवारीला आपण एका दिवसात दोनशे बारा लिफ्ट तपासल्या का हो?”

“असं कसं होईल?”

“तेच म्हणतो मी. यंदा कामं एवढी कमी कशी, म्हणून आज सहज मागच्या तारखा चाळल्या, तर यात असं लिहिलंय. आणि त्या दिवशी मी तापाने फणफणून घरी पडलो होतो.”

ती हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. याद्या एकत्र केल्या तो दिवस नऊ जानेवारीच होता.

त्या संध्याकाळी याद्या जुळवणारा प्रोग्राम अडून बसला होता, हे तिला लख्ख आठवलं. धाकटीच्या यादीत ‘तपासणी’च्या रकान्यात दोनशे बारा तारखा पुढच्या निघाल्या होत्या, कुठे दोन महिन्यांनंतरची, कुठे पाच. थोरलीकडे त्या रकान्यात झालेल्या तपासणीची तारीख असायची, ती पुढची कशी असेल? धाकटीची माणसं गचाळ, असं थोरलीतले सगळेच म्हणायचे, तीही म्हणायची. तेव्हा या टायपिंगच्या चुका, असं धरून तिने एक ओळ लिहिली: तारीख आजच्या पुढची असेल तर आजची धरा. प्रोग्राम मुकाट पुढे सरकला आणि ती वेळेत घरी गेली.

“मेस्त्री, तुमच्याकडे ‘तपासणी’ म्हणून कुठली तारीख लिहायचे?”

“कुठली म्हणजे? पुढची, करायची असेल ती. झालेली तर झाली, तिचं काय लोणचं घालायचंय?”

ज्या लिफ्ट मार्चमध्ये, मेमध्ये तपासायच्या होत्या, त्या कॉम्प्युटरच्या लेखी जानेवारीतच तपासून झाल्या होत्या. वर्षभर तिकडे कोणी फिरकणार नव्हतं. दोर पाहिले नव्हते, ब्रेक पाहिले नव्हते, आणि माणसं मात्र रोज वरखाली करत होती.

तिने जुनी यादी उघडली. बोट सरकत सरकत एकशे चाळिसाव्या ओळीवर थांबलं. तपासणी, बारा मार्च. त्या इमारतीत नवव्या मजल्यावर तिची आई राहत होती.

“हल्ली आमच्या लिफ्टला उचकी लागते बाई,” आई गेल्याच रविवारी म्हणाली होती. “कोणीतरी आठवण काढत असेल तिची,” असं म्हणून हिने थट्टा केली होती. आठवण तर कोणीच काढली नव्हती.

आई रोज साडेचारला खाली बाकावर मैत्रिणींशी गप्पा मारायला जायची. गुडघे धरलेले, त्यामुळे जिन्याचं नाव काढायची सोय नव्हती. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. यादीतला इमारतीचा नंबरही कोणी उचलेना. आईचा फोन नेहमीप्रमाणे कुठल्यातरी उशीखाली असणार.

ती साहेबांच्या खोलीत घुसली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेबांच्याही तोंडचं पाणी पळालं, पण ते लगेच सावरले.

“मेस्त्रींना घेऊन जा, आईची लिफ्ट आत्ता बंद करा. बाकीच्यांचं सोमवारी मीटिंगमध्ये बघू. दोनशे इमारतींना एकदम असं कळवलं तर कंपनीची अब्रू जाईल. तोवर बाहेर चकार शब्द काढायचा नाही.”

ती “बरं” म्हणाली. खोटं कशाला बोला, त्या घटकेला बाकीच्या दोनशे अकरा तिच्या गावीही नव्हत्या.

मेस्त्रींची व्हॅन दोन सिग्नलना अडली. ती सारखी फोन लावत होती आणि मेस्त्री सारखे “होईल, होईल” म्हणत होते, काय होईल ते न सांगता. इमारतीत शिरले तेव्हा चार बत्तीस झाले होते. लिफ्टच्या दारावर लाल आकडा होता, नऊ. मग आठ झाला.

“बंद करा ना!” ती ओरडली.

मेस्त्रींनी मेन स्विचवर हात ठेवला आणि तसाच धरून ठेवला. “आत माणूस आहे. आता झटका द्यायचा नाही. येऊ दे खाली.”

जीव टांगणीला लागणं आजवर तिने बोलण्यात हजारदा वापरलं होतं. सात. सहा. पाचवर आकडा थबकला, आतून खट् असा आवाज आला, आणि तिने भिंत घट्ट धरली. मग चार आला. तीन, दोन, एक.

दार उघडलं. आई, काठी, पिशवी.

“अगं, तू इथे कशी? आणि अशी पांढरीफटक का पडलीस?”

तिने आईला मनगट धरून बाहेर ओढलं, एवढ्या जोरात की आई “अगं, हळू!” म्हणून ओरडली. मेस्त्रींनी स्विच खाली केला आणि धापा टाकत जिना चढून वर गेले. वीस मिनिटांनी खाली आले तेव्हा त्यांनी तिच्यासमोर मूठ उघडली. तळहातावर तुटक्या तारांचे तुकडे होते.

“तीनपैकी दोन दोर असे झालेत. मार्चमध्ये हात लावला असता तर तेव्हाच बदलले असते.” तिची नजर चुकवून ते म्हणाले, “आम्ही वाईट लिहीत असू मॅडम, पण दोर बघायचो.”

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. “आईची बंद झाली ना? मग निवांत घरी जा.” तिने उत्तर न देता फोन ठेवला. ती पायरीवर बसली, मोबाइलवर यादी उघडली. दोनशे अकरा ओळी, प्रत्येक ओळीपुढे एक नंबर. नोकरी जाणार हे तिला दिसत होतं, तरी बोट पहिल्या नंबरावर गेलं. बराच वेळ रिंग वाजली.

“हॅलो?” पलीकडे एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज. “कोण बोलतंय?”

“तुमच्या इमारतीची लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करा. कोणालाही चढू देऊ नका.”

“काय? जरा मोठ्याने बोला हो. मी लिफ्टमध्येच आहे, आवाज तुट...”

फोन कटला. आई तिच्याकडे बघत होती. तिने पुन्हा तोच नंबर लावला.