पाण्याचा गट

रीता पटलेनं शेवटच्या उंदराचं आतडं कात्रीनं उभं चिरलं आणि ओट्याच्या पांढऱ्या फरशीवर पसरलं. ते लाल, सुजलेलं, जागोजागी सोललेलं असायला हवं होतं. ते फिकट गुलाबी होतं.

"याला पाणी पाजलं होतं. नुसतं पाणी," ती स्वतःशीच म्हणाली.

औषधनिर्माण महाविद्यालयाच्या त्या प्राणिगृहात उंदरांचे दोन गट होते. दोन्ही गटांच्या आतड्यांना तिनंच रसायन देऊन सूज आणली होती. एका गटाला मेलाटोनिन हे संप्रेरक पाजायचं, दुसऱ्याला पाणी. आता दोन्ही गट सारखेच बरे दिसत होते. म्हणजे हाती काहीच लागलं नव्हतं. प्रबंधाची मुदत एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. आणखी एक प्रयोग कसाबसा बसेल, एवढाच वेळ उरला होता.

उंदरांना रोज पाजायचं काम दुर्गाबाईंकडे होतं. सौंदडहून सकाळच्या गाडीनं येणाऱ्या दुर्गाबाई या वेळी पिंजऱ्यांतला भुसा बदलत होत्या.

"दुर्गाबाई, निळ्या झाकणाची बाटली कोणत्या उंदरांना पाजली?"

"साऱ्यायले."

"आणि पांढऱ्या झाकणाची? पाण्याची?"

"थेबी साऱ्यायले. दोनी एका गंजात ओतल्या, मंग पाजल्या."

रीतानं कात्री आपटली.

"काऊन पण? काऊन?" घरची बोली तिच्या तोंडून कॉलेजात कधी निघत नसे.

"सारेच बिमार होते. सारेच हगून राहिले होते. अर्ध्यायले औषध अन् अर्ध्यायले पाणी, पंगतीत असं वाढते का जी कोनी?"

"ही पंगत आहे का? काहींना औषध दिलं नाही, तरच औषधाचा गुण कळतो. किती वेळा सांगितलं तुम्हाला!"

"सांगतलं होतं. समजलंबी होतं."

"मग?"

"हातच नाई गेला." दुर्गाबाईंनी भुशाचं पोतं उचललं. "माही आई पंगत उठली का मंग बसे. तुमच्यासारख्याच मोठ्या लोकायच्या अंगनात. मी पायलं हाय."

रीतानं नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले.

"यापुढं असं नाही ना करणार?"

"करन." दुर्गाबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "खोटं कायले बोलू?"

नाही म्हणायला काय जात होतं या बाईचं! रीतानं बाहेर जाऊन मार्गदर्शकांना फोन लावला आणि घडलं ते सांगितलं.

"अरे, पाण्याच्या गटाचे मागच्या बॅचचे आकडे आहेत ना?" बिसेन सर म्हणाले. "वही लगा दो. कौन देखता है?"

"नवीन उंदीर मागवा, सर."

"टाइम कुठे आहे? आणि ती बाई? बदलून टाकू."

"नको. औषधाचा गट त्यांच्याकडेच राहू द्या. पाण्याचा मी बघीन. वेगळ्या खोलीत."

सर बराच वेळ काही बोलत होते. रीता नुसतं हं हं करत राहिली.

नवे उंदीर आले, त्यांच्या आतड्यांना सूज आली. पलीकडच्या खोलीतून दुर्गाबाईंचं बोलणं ऐकू येत होतं.

"घे ना रे, नवरदेवा. कितीक नखरे!"

इकडे रीतानं पहिला उंदीर हातात घेतला. तो थरथरत होता, मग तिच्या तळव्यात मुटकुळं करून बसला. तिनं सिरिंजमध्ये पाणी भरलं. सिरिंज त्याच्या तोंडाशी नेण्याआधी तिनं मान वळवून दार नीट लागलंय ना, ते पाहिलं.