मळलेले पान

मित्रांनो, मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास फसतो. मी हिब्रू भाषेतले एक जुने, छापील प्रार्थनापुस्तक आहे आणि माझी लिपी उजवीकडून डावीकडे चालते. ते ठाऊक नसलेल्या एका बाइंडरने माझे नाव मागच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत ठसवले. तेव्हापासून अनोळखी माणसे मला शेवटापासून उघडतात आणि पहिली पाने फाटली म्हणून हळहळतात.

छापखाने नवेनवे होते तेव्हाचा माझा जन्म. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवून, चिंध्यांपासून केलेल्या जाड कागदावर मला छापले. मग मी घरोघरी फिरले. कुणी पहिल्या पानावर आपले नाव लिहिले, कुणी मेणबत्तीचे मेण सांडले. मी खाली पडले तर लोक मला उचलून माझे चुंबन घेत. पडलेल्या माणसालाही एवढा मान मिळत नाही.

शेवटच्या घरात एक आई होती. तिच्यामागे मुलाने घर आवरताना मला विकले आणि मी एका संग्राहकाच्या कपाटात आले. काच, कुलूप, हातमोजे, सगळा राजेशाही थाट. वाचत मात्र कुणी नव्हते.

संग्राहकाला एकच सल होता. माझे एक पान काळे पडले होते. प्रदर्शनाआधी ते धुऊन घ्यायचे ठरले. त्यासाठी बोलावलेल्या दुसऱ्या बाइंडरने ट्रेमध्ये कोमट पाणी ओतले, तेवढ्यात दारात एक आजी उभ्या राहिल्या. त्या आईची मुलगी. भावाकडून पत्ता काढून आल्या होत्या.

"परत मागायला नाही आले," त्या म्हणाल्या. "आमच्या बंधुराजांनी विकलं ते विकलं. एकदा बघू द्या फक्त."

संग्राहकाने हातमोजे पुढे केले. "आधी हे घाला."

"लहानपणी चिकट हात लावलेत मी याला. आता कसले मोजे?" मग त्यांना ट्रे दिसला आणि त्यांचा चेहरा उतरला. "कुठलं पान धुताय?"

बाइंडरने दाखवले. प्रवासाची प्रार्थना होती ती.

"बाबा समुद्रापार कामाला गेले होते. आई रोज चुलीपासून उठून यायची आणि या ओळींवर बोट ठेवून वाचायची. हात पुसायचं भान नसायचं तिला. खरं तर ही प्रार्थना प्रवाशाने स्वतः म्हणायची. शेजारणीने सांगितलंही तिला. आई म्हणाली, त्यांना आठवेल याचा काय भरवसा?"

बाइंडरचा हात थबकला. "मग, आले परत?"

"आले. एवढी दाढी वाढलेली, मी ओळखलंच नाही. आईने आधी पुस्तक मिटलं, मग दार उघडलं." त्यांनी काळ्या पानाकडे बोट केले. "तिचा फोटो नाही हो आमच्याकडे. एवढंच आहे."

संग्राहकाने मला ट्रेपासून दूर सरकवले.

"पाणी ओतून टाका," तो बाइंडरला म्हणाला. मग त्याने स्वतःचे मोजे काढले आणि आजींसाठी खुर्ची ओढली. "वाचून दाखवाल?"

आजींना अक्षरे दिसत नव्हती, पण प्रार्थना पाठ होती. त्यांनी काळ्या ओळींवर बोट टेकवले. त्यांच्यामागून संग्राहकही हळूहळू म्हणू लागला. तो माझा एवढा अभ्यासक, पण त्याने मला मोठ्याने कधी वाचले नव्हते.

मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांना वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा. पण आमच्यावर राहिलेली माणसे पुसू नका. हात स्वच्छ धुवा, आणि मग आम्हाला हातात घ्या.