नळीचं तोंड

निमियाने पाकिटातून ओला रुमाल ओढला आणि पेल्यातल्या नळीचं तोंड पुसलं. एकदा पुसून समाधान झालं नाही म्हणून रुमाल उलटा करून पुन्हा पुसलं. आंब्याखाली गोल करून बसलेली माणसं तेवढा वेळ गप्प होती. बर्फाच्या जगवर बसलेली माशी तेवढी उठली आणि पुन्हा तिथेच बसली.

पेला गाईच्या शिंगाचा. आत येर्बाच्या कडू पाल्याची हिरवी पूड गच्च भरलेली, वरून गवती चहा आणि पुदिना ठेचून घातलेलं गार पाणी. नळी एकच. ती देर्लिसभाऊजींच्या मिशीखालून सुनिल्दाताईच्या तोंडात आणि तिथून आता निमियापर्यंत आली होती. भाऊजी ओढायला लागले की मिशीचे ओले केस नळीला चिकटायचे. ते पाहायचं नाही असं निमियाने मघाशीच ठरवलं होतं, आणि तेव्हापासून तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

"घे ना, बर्फ वितळतोय," येरुती म्हणाली. पाणी वाढायचं काम तिचं. निमियाची नऊ वर्षांची पोर, गुडघ्यांत जग घट्ट धरून बसली होती.

निमियाने श्वास रोखून ओढलं. गार, कडू, घशाशी थोडं खरखरीत. पेला तळाशी गुडगुडला तेव्हा तिने तो परत दिला.

"ग्रासियास," ती म्हणाली.

येरुतीचा हात क्षणभर थांबला. मग तिने स्वतःसाठी भरलं, प्याली, पुन्हा भरलं. फेरा फिरून आला तसा पेला निमियाच्या समोरून गेला तो थेट येरुतीच्या ओठांशी. पुढच्या फेऱ्यातही तसाच.

"मला नाही?" निमियाने विचारलं.

सुनिल्दा हसायला लागली. "अगं, तूच तर ग्रासियास म्हणालीस."

निमिया विसरलीच होती. पेला परत देताना इथे आभाराचा तो शब्द कोणी उच्चारत नाही. उच्चारला, म्हणजे पुरे, मी उठले, आता मला धरू नका. प्यायचं असेल तर आभारबिभार न मानता गप्प पेला पुढे करायचा. पण आठ वर्षं तिकडे युरोपात, सारागोसाच्या बसमध्ये, दुकानात, लिफ्टचं दार धरणाऱ्याला म्हणून म्हणून तो शब्द तिच्या तोंडात घर करून बसला होता.

"मेहुणीबाईंचं एका घोटात भागतं," देर्लिस म्हणाला. "युरोपात पोटं कापून लहान करून देतात वाटतं."

"भागेल नाही तर काय," सुनिल्दा म्हणाली. "नळीला अत्तर लावून ठेवलंय तिनं. मला मघापासून ढेकर येतेय ती साबणाची."

सगळे हसले. निमियाही हसली. चुकून म्हटलं, दे मला, एवढं बोलायला काही हरकत नव्हती. ती बोलली नाही. तिला सुटल्यासारखं झालं होतं. ते चेहऱ्यावर आलं असावं, कारण येरुतीने मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा जगमध्ये नजर घातली.

परवा पहाटे निघायचं होतं. तिकीट निमियाचं, मांडीवरच्या धाकट्या ईकरचं आणि येरुतीचं. पासपोर्ट झाला होता. सारागोसाला बेन्हामिनने, ईकरच्या बापाने, छोट्या खोलीला पिवळा रंग देऊन पलंग आणून ठेवला होता. फक्त येरुती अजून हो म्हणाली नव्हती. पहिल्या दिवशी निमियाने विचारलं तेव्हा ती "बघते" म्हणाली होती, बाजारात भाव विचारून पुढे जाणाऱ्या बाईसारखी. ताईने तर आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, "आई तू आहेस, तू विचार. ती हो म्हणाली तर मी स्वतः तिची वेणी घालून पाठवीन. रडवून ओढून नेणार असशील, तर मात्र मी दारात आडवी पडेन."

तेव्हा हो यायला हवं होतं, आणि ते कसं आणावं हे निमियाला कळत नव्हतं. आल्यापासून ती नुसती ठेचकाळत होती. घरामागे जळणाऱ्या कचऱ्यात प्लॅस्टिक असायचं, तो धूर ईकरच्या छातीत जाईल म्हणून ती खिडकी लावून घ्यायची आणि आत भट्टी व्हायची. संडासातल्या वापरलेल्या कागदांच्या गोणीवर कोंबडी अंड्यावर बसली होती, आणि ती उठेपर्यंत गोणी बाहेर काढायची नाही असा सगळ्यांचा निर्णय झाला होता. काल डुकराने ईकरचा वापरलेला लंगोट कुठूनसा उकरून काढला आणि अंगणभर फरफटवला. माणसं पोट धरधरून हसली. निमिया कोपऱ्यात जाऊन ओकली.

हे सगळं तिने कुणाला सांगितलंही असतं. जे सांगता येत नव्हतं ते वेगळंच होतं. विमानतळावर येरुती धावत येऊन बिलगली, तेव्हा तिच्या केसांना चुलीच्या धुराचा आणि डुकराच्या चरबीचा वास होता, आणि भांगात काहीतरी चालत होतं. निमियाने श्वास रोखला. आठ वर्षं ज्या मिठीसाठी तिने सारागोसात पगारावर एका म्हाताऱ्या बाईचं गूमूत काढलं, ती मिठी संपेपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

आंब्याखालच्या त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने येरुतीला ओट्यावर बसवलं, मानेभोवती टॉवेल गुंडाळला आणि बॅगेतून औषधाची बाटली, बारीक फणी आणि पातळ निळे हातमोजे काढले.

"मी आजारी आहे?" येरुतीने विचारलं.

"नाही गं. सवय झालीये हातांना."

"फोनवर दाखवले होतेस ते हेच? म्हातारीला आंघोळ घालताना घालतेस ते?"

"हो."

"तिलापण उवा आहेत?"

"नाही."

निमिया बट सुटी करून मुळापासून फणी ओढत होती आणि प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदावर झटकत होती. कागदावर जे पडत होतं ते पाहून तिच्या पोटऱ्यांना मुंग्या येत होत्या. मुलगी ताठ बसून होती. दुखत असणार, पण ती हूं की चूं करत नव्हती.

"मावशी म्हणते तिकडे सगळ्यांना ग्रासियास म्हणायचं असतं," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "मी सवय करतेय."

फणी जागच्या जागी थांबली. सवय करतेय, म्हणजे येणार? "हो," निमिया सांभाळून म्हणाली. "बसवाल्यालासुद्धा म्हणतात."

"मग तो देत नाही?"

"काय देत नाही?"

"पुढचं."

निमियाला हसू आलं. "तसं नसतं गं तिकडे. तिकडे नुसतंच म्हणतात. त्याचा काही अर्थ नसतो."

"मग म्हणतात कशाला?"

निमियाने फणी कागदावर झटकली. तिने दुसरी बट घेतली.

दुपारी ती आत बॅगा भरत होती. ईकरचा आवाज येईनासा झाला. तो गप्प असला की तिला नेहमी वाटायचं, याने काहीतरी गिळलं. ती हातातला शर्ट टाकून बाहेर आली.

ईकर उंबऱ्यावर येरुतीच्या मांडीत बसला होता. येरुतीच्या हातात उकडलेल्या मांदिओकाचा कंद होता. ती त्याचा तुकडा तोडून तोंडात टाकत होती, डोळे बारीक करून मन लावून चावत होती, मग दोन बोटांनी तो लिबलिबीत गोळा बाहेर काढून त्याच्या तोंडात सारत होती. तो पिल्लासारखी चोच उघडून पुढच्या घासासाठी तिच्या हनुवटीला मारत होता. त्याच्या ओठांवरून पांढरी लाळ ओघळत होती. कुणाची होती, देव जाणे.

"शी! थुंक! थुंकायला लाव त्याला!"

निमियाने त्याला हिसकावून घेतलं, तोंडात बोट घालून घास काढला, ओल्या रुमालाने त्याची जीभ पुसली. साबणाच्या चवीने तो किंचाळायला लागला.

"तोंडातलं उष्टं भरवतेस त्याला? किळस कशी येत नाही तुला?"

येरुतीने बोटं फ्रॉकला पुसली. रडली नाही. "तू मला असंच भरवायचीस," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"मावशी."

सुनिल्दा अंगणातल्या हौदाशी कपडे घासत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "खोटं नाही सांगितलं मी. दाढा यायच्या होत्या हिच्या. याच उंबऱ्यावर बसायचीस. आपण चावायचीस आणि हिला भरवायचीस, चिमणीसारखी. गेलीस त्या दिवशीसुद्धा भरवलंस. गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि तू आपली चावतेयस."

"मला नाही आठवत," निमिया म्हणाली.

"मलापण नाही," येरुती म्हणाली. "मावशीला आठवतं."

ती उठून ताईजवळ गेली आणि पिळलेले कपडे झटकून तारेवर टाकू लागली. निमियाच्या मुठीत रुमालात गुंडाळलेला तो घास होता, अजून कोमट. तो कुठे टाकावा हे तिला समजेना. डुकराला टाकवेना, कोंबड्यांना टाकवेना. शेवटी तिने तो तसाच खिशात घातला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आंब्याखाली पुन्हा खुर्च्या पडल्या. ईकर चटईवर एक चमचा घेऊन बसला होता. येरुतीने बर्फ फोडला, पाला ठेचला, पेला भरला. निमिया तिच्याजवळ येऊन बसली.

"आज मी वाढते," ती म्हणाली.

"अरे वा," देर्लिस म्हणाला. "जरा खुर्चीवर फडकं घाल गं कुणीतरी. पाहुणी चक्क वाढतेय."

"तुम्ही गप्प बसा हो. मिशी बघा आधी आपली," सुनिल्दा म्हणाली.

येरुतीने जग तिच्याकडे सरकवला. वाढणाऱ्याने आधी प्यायचं असतं. निमिया प्याली. मग भाऊजींना दिलं, त्यांनी ओढलं, मिशी पुसली, पेला परत आला. ताईने ओढलं. येरुतीने ओढलं आणि काही न बोलता पेला दिला. पुन्हा निमियाची पाळी आली. ओल्या रुमालांचं पाकीट तिच्याच खुर्चीखाली होतं. तिने हात खाली नेला नाही. नळीचं तोंड कोमट झालं होतं, त्यावर काहीतरी बुळबुळीत होतं, आणि जिभेला पाल्याचा एक धागा लागला, जो आधी कुणाच्या तरी तोंडात जाऊन आलेला असणार. पोटातून उमासा वर आला. तिने तो गिळला आणि गुडगुड वाजेपर्यंत ओढत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किळसेचं होतं, दुसऱ्या कशाचं नाही. पण येरुती तिच्याकडे पाहत होती, म्हणून ती हसली.

देर्लिस प्याला. सुनिल्दा प्याली. निमियाने पेला काठोकाठ भरून येरुतीला दिला. मुलीने तो सावकाश संपवला. पेला परत केला.

"ग्रासियास," ती म्हणाली.

देर्लिसच्या तोंडाशी आलेला विनोद तिथेच राहिला. सुनिल्दा मांडीवरच्या शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले. चटईवर ईकर चमचा आपटत होता.

निमियाने रिकाम्या पेल्यात पाणी ओतलं आणि आपली पाळी म्हणून ते पिऊन टाकलं. काहीतरी करायला हवं होतं. मग पुन्हा भरलं. आता पाळी भाऊजींची होती. त्यांनी हाताची घडी घातली आणि आंब्याकडे पाहत बसले.

तिने पेला येरुतीपुढे धरला. पाणी तिच्या मनगटावर सांडलं.

"कुठलं म्हणालीस?" तिने विचारलं. "इथलं की तिकडचं?"

येरुतीने पेल्याकडे पाहिलं, मग नळीकडे. नळीला आत्ताच निमियाचं तोंड लागलेलं होतं. मुलीने फ्रॉकचा घेर उचलला. त्यावर दुपारचे मांदिओकाचे डाग होते, चुलीची राख होती, ईकरची लाळ वाळली होती. त्याने तिने नळीचं तोंड पुसलं. एकदा पुसलं, मग कापड उलटं करून पुन्हा पुसलं, अगदी निमियासारखं, डोळे निमियाच्या चेहऱ्यावर ठेवून.

मग तिने नळी ओठांत धरली आणि पेला तळाशी गुडगुडेपर्यंत प्याली. पेला परत केला. या वेळी ती काहीच बोलली नाही.