डावं चाक

"चूक माझी आहे," निबिया म्हणाली. "तुमच्यापैकी कोणाचीही नाही. डावं चाक मी बदललं. ते मी बदलायला नको होतं."

प्रयोगशाळेत पाच मुलं टेबलाभोवती बसली होती. मधोमध बिस्कोचोंची, म्हणजे खुसखुशीत छोट्या पावांची पिशवी होती, येताना निबियानंच पावभट्टीतून गरमगरम आणलेली. एरवी ती पिशवी टेबलाला टेकायच्या आत रिकामी व्हायची. आज तिला कोणी हात लावला नव्हता.

"जाऊ द्या ना, प्रोफे," मिलाग्रोस खाली बघत म्हणाली.

"जाऊ कसं देऊ? मोंतेविदेओपर्यंत जाऊन, सगळ्यांच्या पुढे राहून, शेवटच्या फेरीत आपला रोबो सरळ जायचा सोडून भिंतीवर जाऊन आदळतो. आदल्या संध्याकाळी मी त्या चाकाला हात लावला नसता, तर आज तुम्ही ब्राझीलला जायच्या तयारीत असता." तिचा आवाज चिरकला. "तुमचं वर्षभराचं काम माझ्या हट्टापायी वाया गेलं. मला माफ करा."

यामांदू खिडकीबाहेर बघत होता. रोबोला रेषेवर ठेवून सोडायचं काम त्याचं. लांब हातापायांचा, सतरा वर्षांचा पोरगा. गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"होतं असं कधी कधी," तो शेवटी म्हणाला.

निबियानं मान हलवली, नाक पुसलं आणि स्वतःच्या हातानं एकेकाला बिस्कोचो दिला. मुलांनी तो घेतला आणि मुकाट्यानं खाल्ला.

निबिया लार्रोसा दुरास्नो गावच्या सरकारी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची; मुलांची ती प्रोफे, म्हणजे बाई. पन्नाशी उलटली होती. काही वर्षांपूर्वी मंत्रालयाकडून शाळेला रोबो बनवायच्या सामानाची एक पेटी आली. ती कोणी उघडेना, म्हणून हिनं उघडली. तेव्हापासून तिचे शनिवार गेले, मग रविवार गेले. तिला मूलबाळ नव्हतं, आणि त्या गोष्टीचा रोबोशी संबंध जोडणाऱ्यांचा तिला राग यायचा. मला यंत्र आवडतं, एवढंच ती म्हणायची.

प्रवासखर्चासाठी तिनं कोकरू बक्षीस असलेल्या सोडतीची तिकिटं गावभर विकली. पाऊस लागला की शाळेच्या फाटकात कढई मांडून तोर्ता, पावसात खायच्या त्या पुऱ्या, तळून विकल्या. धाकट्या बहिणीच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तिनं चुकवला, कारण त्या दिवशी साल्तोच्या शाळेशी सराव सामना होता. दाढ दुखायला लागली तेव्हा दाताच्या डॉक्टरनं सांगितलं, वाचवता येईल, पण चार खेपा घालाव्या लागतील. तिनं ती तिथंच उपटून घेतली.

मुलांनाही ती याच मापानं मोजायची. रविवारी सकाळी दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवायची. मिलाग्रोसचं एका मुलाशी जमलं आणि मोडलं, तेव्हा ती रडत प्रयोगशाळेत आली. निबियानं तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं झालं गं. आता शनिवार तरी मोकळे झाले." ती हे चेष्टेनं म्हणाली नव्हती.

रोबोचं नाव मुलांनी टिटवी ठेवलं होतं, कारण चालू केला की तो किंचाळायचा. टिटवी ओरडते एकीकडे आणि अंडी असतात दुसरीकडे, असं आमच्या भागात म्हणतात. पण नाव ठेवताना ते कोणाच्या मनात नसणार.

निबियाचा नवरा एबेर टायर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. बोलणं कमी, हसणं जास्त. संघाला स्पर्धेला न्यायचं तर गाडी तोच चालवायचा. "लग्नात नवरी मला मिळाली," तो दुकानात बसणाऱ्यांना सांगायचा, "पण बायको मात्र टिटवीला मिळाली." आमच्याकडे उन्हाळा जानेवारीत येतो, आणि दर उन्हाळ्यात तो महिना समुद्रकाठी ला पालोमाला काढायचा त्याचा बेत असायचा. दर उन्हाळ्यात काहीतरी निघायचं आणि तिथल्या घरमालकाला फोन करून नको म्हणून सांगावं लागायचं. या वर्षी त्यानं बेताचं नावही काढलं नव्हतं.

डिसेंबर लागला, शाळा सुटली, उन्हं तापली. मुलं यी नदीवर डुंबायला जाऊ लागली. निबियानं टिटवी घरी आणली. जेवणाची खोली रिकामी करून तिनं जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि रोबो सोडून बघायला लागली. तेच डावं चाक, तीच बॅटरी. रोबो सरळ गेला. तिनं चाक ढिलं केलं, घट्ट केलं. रोबो सरळच गेला. आठवडाभर तिचं हेच चालू होतं. जेवणं स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या होत होती.

एबेर बगलेत थर्मास धरून दारात उभा होता. माते या कडू पाल्याच्या चहाचा एक घोट नळीनं ओढून तो म्हणाला, "सोड ना आता, निबिया."

"चाक चांगलं आहे."

"मग झालं तर. सुटलीस."

"सुटले कशी? चाक चांगलं असेल तर तो भिंतीकडे का गेला?"

एबेरनं मातेच्या सुक्या भोपळ्याच्या वाटीत पाणी ओतलं. ते काठावरून सांडलं. "मी जरा दुकानात जाऊन येतो," तो म्हणाला. त्या दिवशी रविवार होता, आणि दुकान बंद असायचं. ते तिला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौकातल्या आइस्क्रीमच्या दुकानात गेली. सुट्टीपुरती मिलाग्रोस तिथं मावशीला मदत करायची. दुपारच्या झोपेची वेळ. चौकात चिटपाखरू नव्हतं.

"मला एकच सांग," निबिया गल्ल्यासमोर उभी राहून म्हणाली. "रेषेवर रोबो ठेवताना तू यामांदूबरोबर होतीस. मला तिथं येता येत नव्हतं. जमिनीवर काही होतं का? तेल, धूळ, चिकटपट्टीचा तुकडा?"

"नाही."

"नीट आठव. कारण चाक चांगलं आहे, मिलाग्रोस. मी रोज बघतेय. मला वेड लागायची पाळी आली आहे."

मिलाग्रोसच्या हातात चमचा होता. तो तिनं पाण्यात बुडवला, परत काढला, परत बुडवला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रोबोला काही झालेलं नव्हतं, प्रोफे. यामांदूनं तो तिरका ठेवला."

"घाईत?"

"नाही." तिनं मनगटानं नाक पुसलं. "आमचं ठरलं होतं. पाचही जणांचं."

निबियाला आधी ते कळलंच नाही. शब्द कळले, पण ते एकापुढे एक लागेनात. शेजारी शीतपेटीची घरघर चालू होती.

"का?"

"जिंकलो असतो तर अख्खा जानेवारी प्रयोगशाळेत गेला असता. तुम्ही आम्हाला गाडीतच सांगितलं होतं, नाताळचा एक दिवस सुट्टी आणि लगेच सुरुवात. यामांदूचे तीन विषय राहिलेत. गणित, रसायन आणि भौतिकशास्त्र. फेब्रुवारीच्या परीक्षेत ते सुटले नाहीत तर त्याचं वर्ष जाईल."

"भौतिकशास्त्र?"

"पिरीससरांच्या वर्गात आहे ना तो."

"मला सांगायचंत तुम्ही."

"सांगितलं होतं," मिलाग्रोस म्हणाली. आता तिच्या बोलण्यात थोडी धार आली. "ऑगस्टमध्ये मी म्हटलं, प्रोफे, मला काही दिवस थांबायचंय. तुम्ही म्हणालात, दमली आहेस, गोड काहीतरी खा. आणि मला दुल्से दे लेचेची, त्या आटवलेल्या गोड दुधाची वाटी आणून दिलीत. त्याच्यावर काय बोलणार?"

निबिया सावकाश म्हणाली, "मी तुमची माफी मागितली त्या दिवशी. तुमच्यासमोर रडले. तुम्ही मला मागू दिलीत."

मिलाग्रोस रडत रडत म्हणाली, "आम्ही सांगणार होतो. पण एबेर म्हणाले, आता कळलं तर तिला जास्त लागेल."

"एबेर म्हणाला?"

मुलीनं तोंडावर हात ठेवला.

दुकानात एबेर एका ट्रकचा टायर रिमवरून उतरवत होता. निबिया उन्हातून चालत आली होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता. तिच्याकडे बघताच त्यानं हातातली पहार खाली ठेवली.

"बस. बसून बोलू."

"उभ्यानंच बोल. पोरं तुझ्याकडे आली होती?"

"आली नव्हती. मीच गेलो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तू आत चाक बदलत होतीस तेव्हा ती गाडीच्या मागे बसली होती. दोघं तर रडत होती. जिंकलं तरी मरण, तुला सांगितलं तरी मरण, असं चाललं होतं त्यांचं." त्यानं चिंधीला हात पुसले, बराच वेळ पुसले. "मी म्हटलं, मग जिंकू नका."

"चेष्टेनं म्हणालास?"

हो म्हणून तो सुटू शकला असता. ती वाटही त्याला तिनंच करून दिली होती.

"नाही," एबेर म्हणाला. "अगदी चेष्टेनं नाही. ला पालोमाचं घर मी सांगून ठेवलं होतं."

रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली.

"इतके दिवस मी त्या चाकाशी डोकं फोडत होते," निबिया म्हणाली. "आणि तू दारात उभा राहून माते पीत होतास."

"हो."

"एकदा सांगायचंस, एबेर. मी थांबले असते."

"नसतीस थांबली."

हे खरं होतं, आणि तेच तिला गिळता येईना. मुलांनी फसवलं, नवऱ्यानं फसवलं, आणि वर बरोबरही तेच ठरत होते. तिला धड भांडायलासुद्धा जागा उरली नव्हती. ती घरी आली. जमिनीवरच्या पट्ट्या तिनं नखानं एकेक करून काढल्या, टिटवी खोक्यात घातली आणि खोकं शाळेत नेऊन शिपायाच्या ताब्यात दिलं. मुख्याध्यापिकेला म्हणाली, "संघ आता त्या नव्या संगणकाच्या मास्तरांकडे द्या. तरुण आहेत." गावात बातमी झाली की निबिया थकली. तिनं ती खोडून काढली नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी पाचही मुलं घरच्या फाटकाशी आली. त्यांनी केक आणला होता. यामांदू सगळ्यांच्या मागे उभा होता.

"आम्हाला सॉरी म्हणायचं होतं, प्रोफे."

"म्हणालात," निबिया म्हणाली. तिनं केक घेतला, आभार मानले, सगळ्यांच्या घरची विचारपूस केली. आत या म्हणाली नाही. तो केक पुढचे चार दिवस एबेरनं एकट्यानं संपवला.

जानेवारीत ती दोघं ला पालोमाला गेली. घर लहान, स्वच्छ होतं. खिडकीतून समुद्र दिसायचा. एबेर रोज टपरीवरून समुद्री शेवाळाची भजी आणायचा, निबिया आभार मानून खायची. महिनाभर ती त्याच्याशी पाहुण्यासारखी अदबीनं वागली. चहा हवा का, ऊन लागतंय का, दिवा घालवू का. एका संध्याकाळी वाळूत बसल्या बसल्या एबेर म्हणाला, "शिव्या दे गं मला. काहीतरी बोल."

"पाणी छान आहे आज," ती म्हणाली. आणि खरंच छान होतं.

फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाल्या. तोंडी परीक्षेला तीन शिक्षक बसायचे. भौतिकशास्त्राला पिरीस, निबिया आणि मोंतेविदेओहून बदलून आलेली एक नवी बाई. बाहेर भिंतीला टेकून मुलं नावाची वाट बघत होती. यामांदूचं नाव आलं तेव्हा पिरीसनं निबियाकडे पाहिलं. तिनं पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

प्रश्न साधा होता, उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचा. यामांदू फळ्यापुढे उभा राहिला. त्यानं आडनाव सांगताना घसा खाकरला, मग जे सुरू केलं ते भलतंच. सूत्र उलटं लिहिलं, पुसलं, परत तेच लिहिलं. शर्टाची पाठ घामानं चिकटली होती. तो एकदाही निबियाकडे बघत नव्हता.

"पुरे का?" पिरीस हलक्या आवाजात म्हणाला आणि पेनाचं टोपण काढलं.

निबियाला फक्त गप्प बसायचं होतं. तिनं काही केलं असं कोणी म्हणालं नसतं.

"सूत्र राहू दे," ती म्हणाली. "आधी आकृती काढ. ठोकळ्यावर कुठली कुठली बलं आहेत, तेवढी दाखव."

यामांदूनं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं उतार काढला, ठोकळा काढला, आणि बाण. एक खाली. एक उताराला काटकोनात. थांबला.

"आणि घर्षण" असं निबिया म्हणाली नाही. तिनं वाट पाहिली. नवी बाई पंख्याकडे बघत होती.

बऱ्याच वेळानं त्यानं तिसरा बाण काढला, वर चढणारा. "हे त्याला धरून ठेवतं," तो म्हणाला. त्यानंतरचं अर्धं त्याला आलं, अर्धं नाही.

"संघातला मुलगा तुमचा," पिरीस म्हणाला. "तुम्हीच सांगा."

"माझ्या संघात कोणी नाही," निबिया म्हणाली. "जेवढं आलं तेवढे द्या."

सहा गुण झाले. उत्तीर्ण व्हायला तेवढेच लागत होते. तिघांनी सह्या केल्या. यामांदू दारापर्यंत गेला आणि तिथं थांबला. त्याचा हात दाराच्या मुठीवर होता.

"प्रोफे, मी त्या दिवशी..."

"पुढच्याला आत पाठव," निबिया म्हणाली. "आणि दार ओढून घे. उकाडा आत येतोय."

तो बाहेर गेला. दार आपटू नये म्हणून त्यानं मूठ शेवटपर्यंत धरून ठेवली होती.