मावशीनं कानांनी केलेल्या नूडल्स

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. रंगानं काळी, बुडाशी गोल आणि तोंडानं जरा फटकळ. एका लोहारानं मला पत्र्यातून ठोकून काढलं. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत आणि मला त्यांची मुळीच लाज वाटत नाही.

मी पहिल्यांदा चुलीवर चढले ती एका छापखान्याच्या कँटीनमध्ये. तिथं मावशी स्वयंपाक करायची. खरं तर ती एकाच मुलीची मावशी, पण कामगारांनी तिला सगळ्यांची करून टाकली होती. तिनं मला धूर निघेपर्यंत तापवलं, तेल चोळलं, पुन्हा तापवलं. असं चार-पाच दिवस चाललं. मी मनातल्या मनात तिच्या नावानं खूप बोटं मोडली. पण त्या तेलानंच माझ्यावर काळा गुळगुळीत थर चढला आणि माझ्यात काही चिकटेनासं झालं.

बुधवारी कँटीनमध्ये करी पावडर घालून परतलेल्या तांदळाच्या नूडल्स असायच्या. त्या दिवशी माणसं शाईचे हात नीट न धुताच रांगेत उभी राहायची आणि मावशीचा ओरडा खायची. बायंडिंगवाले काका तर दर बुधवारी म्हणायचे, "मावशी, कढई विकायची झाली तर आधी मला सांगा हं." हे ऐकून मी फुगून जायची. निवृत्तीच्या दिवशी छापखान्यानं मावशीला भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं होतं. तिनं ते नको म्हटलं आणि मला मागून घेतलं.

मावशी भाचीबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहायची. भाची दवाखान्यात नर्स. मायलेकींसारख्याच त्या दोघी. मग एकदा मावशी तापानं पडली. ताप उतरला, पण जाताना तिची वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. महिने लोटले तरी ती परत आली नाही. खारट, गोड, आंबट, कडू एवढंच जिभेला कळायचं.

आणि करी पावडर म्हणजे महा नाजूक प्रकरण. गरम तेलात ती क्षणभर खुलते आणि लगेच जळते. मावशी आजवर ते नाकानं ओळखायची. एका दुपारी पावडर जळून कोळसा झाली, जिन्यापर्यंत धूर गेला, आणि मावशी आपली निवांत परतत होती. भाची घरी आली तेव्हा शेजारी दारात जमले होते.

"उद्या गॅस सुटला तरी तुला कळायचं नाही गं मावशी," भाची म्हणाली. ती रागावली नव्हती, घाबरली होती. "आता स्वयंपाक मी करीन. तू आरामात बसून खा."

तिनं नवा नॉनस्टिक पॅन आणला. मला सिंकखाली बादलीत भिजत घातलं आणि विसरून गेली. मी गंजले, मित्रांनो. आम्हाला रडता येत नाही, गंजताच येतं.

पण बसून खाणं मावशीला कसं जमावं? तिनं दुसऱ्याच दिवशी गॅस गळला की कर्कश ओरडणारं यंत्र भिंतीवर बसवून घेतलं. मग भाची कामावर गेल्यावर नव्या पॅनमध्ये कांदा टाकला आणि कान लावला. तो पॅन भलताच मितभाषी. तोंडातल्या तोंडात पुटपुटला, झालं. मावशीनं मान हलवली, मला सिंकखालून ओढून काढलं, गंज घासला आणि तेल लावून तापवलं.

"नाक गेलं तर गेलं," ती मला म्हणाली. "कान शाबूत आहेत. तू बोल, मी ऐकते."

पहिल्या दिवशी धूर ओढणाऱ्या पंख्याच्या घरघरीत माझं बोलणं बुडालं. नूडल्स कडू झाल्या. दुसऱ्या दिवशी तिनं पंखा बंद केला, खिडकी उघडली. तरी कडूच! चूक माझी नव्हती. कोरडी पूड तेलात पडली की मला बोलायला काही उरतच नाही, आणि माझ्या काळ्या बुडावर तिचा रंगही दिसत नाही. नेमकी तेव्हाच भाची आली. तिनं घास चाखला आणि म्हणाली, "आता पुरे. पुन्हा जळलं तर ही कढई भंगारात, आणि तू ओट्यापाशी यायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मावशी स्टुलावर बराच वेळ विचार करत बसली. मग तिनं करी पावडर वाटीत घेतली, दोन चमचे पाण्यात कालवली आणि कांद्यावर ओतली. मी चर्रकन ओरडले! जसजसं पाणी आटलं, तसतसा माझा आवाज बारीक होत गेला. मावशी डोळे मिटून ऐकत होती. आवाज अगदी बंद पडणार, तोच तिनं थंड पाण्यात भिजवून निथळलेल्या नूडल्स टाकल्या. त्याही एकदम नाही, मूठमूठ, कारण सगळ्या एकदम पडल्या तर मी गार पडते आणि त्यांचा लगदा होतो. मग गाजर, कोबी, थोडा सोया सॉस, कांद्याची पात. माझी बडबड शेवटपर्यंत थांबली नाही.

दार उघडलं. भाची चपला न काढताच आत आली.

"जळलंय का गं?" मावशीनं विचारलं. जिभेला कडू लागत नव्हतं, पण तिचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता.

भाचीनं उभ्या उभ्याच एक घास खाल्ला. मग दुसरा. "नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही जळलं."

"मग वास कसा येतोय? नीट सांग."

वास कुणाला सांगायची वेळ भाचीवर कधी आलीच नव्हती. ती माझ्यावर वाकली. "आधी कांद्याचा येतो, गोडसर," ती सावकाश म्हणाली. "मग हळद, धणे. आणि सगळ्यांत शेवटी थोडासा धुरकट... तू कँटीनमधून घरी यायचीस ना, तुझ्या पदराला यायचा तसा."

मावशीनं पदर डोळ्यांना लावला आणि दोन ताटल्या घेतल्या.

मित्रांनो, मला घासा, पुसा, तेलाचा हात लावा. पाण्यात मात्र टाकून ठेवू नका. आणि जेवायला बसलात की अन्नाचा वास कसा येतोय ते मोठ्यानं सांगत जा. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकायचं असतं.