दोरी गुंडाळायच्या आधी

या रे पोरांनो, असे नळापाशी बसा. मला आता मोठ्यानं बोलवत नाही. एका शर्यतीची गोष्ट सांगते. जिंकण्याची नाही हं, आधीच सांगून ठेवते. मागून कुरकुर नको.

मी एक जुनी पट्टी आहे. जखमेवरची नाही रे, शिपायाच्या पायाची! खाकी, लोकरीची, माणसापेक्षा लांब. पूर्वी शिपाई घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आम्हाला गुंडाळायचे. आम्ही नेहमी दोघी. एका पायावर मी, दुसऱ्यावर माझी जुळी.

आमचा धनी तुकोजी. ग्वाल्हेर संस्थानच्या रिसाल्यातला, म्हणजे घोडेस्वार. काय रुबाब होता! घोड्याच्या घामाचा वास माझ्या अंगात अजून आहे. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल. पायदळवाले पट्टी खालून वर गुंडाळतात, त्यांची गाठ गुडघ्याखाली. रिसालेवाले वरून खाली, त्यांची गाठ घोट्याशी. तुकोजीला त्याचा भारी ताठा.

मग संस्थान गेलं. फौज मोडली. घोडे दुसरीकडे गेले, तुकोजी ग्वाल्हेरातच दाना ओळ नावाच्या गल्लीतल्या एका खोलीत आला आणि कचेरीत चपराशी झाला. आम्ही दोघी पेटीत. पुढं नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, कचेरीही तिकडेच हलली. तुकोजीला भोपाळात खोली मिळाली, ती चार चपराशांत मिळून. मुलगा मावेल, मुलगी कुठं ठेवणार? आई तर नव्हतीच. ठरलं, धाकटा जयू बापाबरोबर भोपाळला, थोरली नंदा मावशीकडे उज्जैनला.

नंदा तेव्हा पाचवीत, जयू चौथीत. जयूचा डावा पाय लहानपणी तापात वाळलेला. शाळेत दरवर्षी तीन पायांची शर्यत व्हायची. नंदा त्याचा तो पाय आपल्या उजव्या पायाला बांधून धावायची. पण दरवर्षी ही जोडी पोचायच्या आतच मास्तर शर्यतीच्या शेवटी आडवी धरलेली दोरी गुंडाळून मोकळे.

"ताई, एकदा दोरी छातीला लागायला पाहिजे न," जयू म्हणायचा. "नंबर नको मला. बस्स, दोरी."

"लागेल रे. या वेळेला लावूच."

या शर्यतीनंतर एक भोपाळला, एक उज्जैनला; पुन्हा एकत्र धावणं नव्हतंच. रोज शाळेतून आले की दोघं गल्लीत सराव करायचे. बांधलेला पाय 'आत', मोकळा पाय 'बाहेर'. "आत! बाहेर! आत! बाहेर!" शेजारच्या लीलाताई खिडकीतून ओरडायच्या, "अरे, आत या नाहीतर बाहेर जा! डोकं उठवलं कार्ट्यांनी!"

शर्यतीच्या सकाळी तुकोजीनं पेटी उघडून मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी! त्यानं स्वतः मैदानात बसून पोरांचे पाय बांधले. वरून खाली.

"बाबा, गाठ खाली नको न," नंदा म्हणाली. "पायात येईल."

"आपण रिसालेवाले. पायदळासारखी गाठ बांधू? लोक हसतील."

"लोक तसेही हसतात बाबा," जयू म्हणाला.

तुकोजीनं ऐकलं नाही. गाठ घोट्याशीच दिली. अरे, घोड्यावर बसलेल्याचा पाय कुठं मातीला घासतो?

शिटी वाजली. आत, बाहेर, आत, बाहेर! काय धावली रे पोरं! पहिल्यांदाच दोन जोड्या त्यांच्या मागं होत्या. समोर दोरी दिसत होती. मातीला घासून घासून माझी गाठ सुटली. शेपूट लोंबलं, त्यावर नंदाचाच पाय पडला आणि दोघं तोंडावर आपटली.

"अरे, गिर गई लंगड़े की गाड़ी!" कुणीतरी ओरडलं. मागच्या जोड्या पुढं निघून गेल्या.

"ताई, तू जा. सोड मला."

"गप. पाय दे इकडे." जयूचं नाक फुटलं होतं. तरी नंदानं मला पुन्हा गुंडाळलं. खालून वर. गाठ गुडघ्याखाली, गच्च. "चल. आत!"

"बाहेर," जयू हुंदका देत म्हणाला.

तेवढ्यात पलीकडून मास्तरांचा आवाज आला, "समेटो भाई, समेटो! अगली दौड़ लगाओ!"

दोरी गेली. पोरं पोचली तेव्हा तिथं नुसती चुन्याची रेघ होती, तीही पुसटलेली. जयूनं तरी छाती पुढं काढली. लागलं काहीच नाही. तुकोजी लांब उभा होता. तो जवळ आला, खाली बसला, माझी गाठ सोडायला लागला. पायदळाची गाठ. ती त्याला सुटेना.

नंदा मावशीकडे गेली तेव्हा तिची वळकटी माझ्या जुळीनं बांधली होती. नंदा उज्जैनलाच वाढली, तिथंच बाळंतपणात गेली. माझ्या जुळीचं काय झालं, मला कुणी सांगितलं नाही.

जयू म्हातारपणी परत ग्वाल्हेरला आला, या हरिशंकरपुरमच्या घरात. गळक्या नळाला त्याच्या सुनेनं मला गुंडाळलंय. सकाळी तो अंगणात काठी टेकत चालतो. पुटपुटतो ते मला ऐकू येतं. "आत," म्हणतो आणि थांबतो. "बाहेर" म्हणायला बरोबर कुणी नाही.

मित्रांनो, मला नळावरून सोडवा असं मी म्हणत नाही. तुमच्या शाळेत शर्यत असेल, तेव्हा तुमच्यातल्या कुणाच्या तरी हातात ती दोरी येईल. शेवटची जोडी मैदानात असेल, बाकीचे निघाले असतील, मास्तर घाई करत असतील. तेवढा वेळ दोरी धरून ठेवा रे. गुंडाळू नका.